मोठी अक्षरं

जेल रोडवर हातिमभाईंच्या दुकानात
काचेखाली तीन डब्या मांडलेल्या,
तपकिरीच्या डबीएवढ्या.
एक अठराशेची, एक बत्तीसशेची,
आणि एक अशी, जिचा भाव हुसैननं
आधी मालकांकडे बघून मग सांगितला.

"आंटी, फोर-के ले लो. पिक्चर एकदम साफ."
म्हटलं, टीव्ही बत्तीस इंची,
मागच्या दोन भोकांतलं एक मेलेलं.
आणि मोतीबिंदू काढल्यापासून
आम्हाला तसंही सगळं फार साफ दिसतं.

श्रीनंदनं पीथमपूरहून फोनवर बजावलं होतं:
रॅम विचार, वायफाय कुठलं धरतं विचार,
चार्जर आत येतो की वेगळा घ्यायचा, ते विचार.
गॅसच्या पावतीच्या पाठीवर लिहून नेलं होतं.
विचारलं. उत्तरं आली तशी उतरवून घेतली,
कळली नाहीत तीही.
मग कागदावर नव्हतं ते:
खाली अक्षरं येतात, ती मोठी होतात का?

यांनी मिलमध्ये सव्वीस वर्षं साचे चालवले.
मिल बंद पडली तेव्हा सगळे म्हणायचे,
शांतता कशी अंगावर येते.
यांना फरक कळला नाही.
तेव्हापासून टीव्हीत कोण काय म्हणालं
ते मी सांगते,
उजव्या कानाशी, ओरडून, म्हणून थोडक्यात.
सासू पाव तास बोलली, तर: नाही म्हणतेय.
कोर्टातला अख्खा युक्तिवाद: सुटला.
कंटाळा आला तेव्हा एकदा
एक ठरलेलं लग्न मी मोडलंय,
आणि एक गेलेला माणूस
आठवडाभर मुंबईला कामाला ठेवलाय.
शेजारच्या फाल्गुनीला हे माहीत आहे.
ती बोललेली नाही.

अठराशेचीत अक्षरं मुंगीएवढी.
बत्तीसशेचीत चार आकार, मागे काळी पट्टी.
मी काउंटरला टेकून उभी राहिले,
चौदाशेंचा हिशोब करतेय असं दाखवत.
हिशोब दुसराच चालला होता,
त्या मोडलेल्या लग्नाचा.

हुसैननं रिमोट पुढे केला.
"बटन दबाके बोलो आंटी, ये सब सुनता है."
म्हटलं, दे. घरात एक तरी ऐकणारं असू दे.
शंभर सुटले. बिल डबीतच ठेव म्हटलं,
गॅरंटी वर्षाची आहे.

संध्याकाळी फाल्गुनीनं जोडून दिलं.
आकार: सर्वांत मोठा.
भाषा: हिंदी. मराठी यादीत सापडली नाही.
हे खुर्ची पुढे ओढून बसले,
चष्मा लावून, ओठ हलवत,
पेपर वाचतात तसे.
पहिली दहा मिनिटं मी नुसती यांच्याकडे बघत होते.
काही उघडं पडलं नाही.

मग कंसात काहीतरी आलं,
यांनी वळून पाहिलं.
"हे तू कधी सांगितलं नाहीस."
काय?
"कुत्रं. लांब कुठेतरी भुंकतंय म्हणे."

नाहीच सांगितलं.
बोललेलं सांगत राहिले मी.
वाजलेलंही सांगायचं असतं
हे इतक्या वर्षांत सुचलंच नाही:
बांगड्या, दाराची कडी, जुन्या पंख्याची घरघर.
एक बाई काही न बोलता खिडकीशी उभी होती
आणि तिचा श्वास लिहिलेला होता.

नऊच्या सुमारास मी पोळ्यांना उठले.
कणीक भिजलेली होती, तवा ठेवला,
तर हे दारात. हातात रिमोट,
चष्मा कपाळावर.
"काय पडलं?"
काही नाही, मी मान हलवली.
यांनी ओट्याखाली पाहिलं, मोरीत पाहिलं,
माझ्या पायांपाशी पाहिलं.
"भांडं पडलं," म्हणाले.
"आत्ता वाचलं मी."