समासातला वकील

टॅनर्स कोव्हची वस्ती अकराशे चाळीस.
नऊ कादंबऱ्यांत मिळून खून सतरा.
खरा खून गावात शेवटचा कधी पडला
ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही.
हिवाळ्यात आम्ही दारं लावतो, ती वाऱ्यासाठी.

म्यूरिएल क्निकल मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहायची.
निवृत्त झाली आणि माणसं मारायला लागली.
पहिला गेला चर्चमधला ऑर्गनवाला,
आंबवलेल्या कोबीच्या पिंपात डोकं खाली.
मग लिलाव पुकारणारा. मग कर्लिंग क्लबचा खजिनदार.
मग दोघी बहिणी, एकाच किटलीतल्या चहानं.
आणि दर वेळी वकील ॲन्सेल रड
छत्री झटकत येतो, मृत्युपत्र दोनदा वाचतो,
शेवटच्या प्रकरणात साऱ्यांना लीजन हॉलमध्ये बसवतो
आणि घडाघडा सांगून मोकळा होतो
कुणी, कशानं, कुठल्या जमिनीपायी.

गाव वाचतं ते स्वतःला शोधायला.
व्हेरा कॉर्कमनं वर्षभर अबोला धरला होता:
नऊ पुस्तकं झाली, म्यूरिएल,
माझा साधा संशय तरी घ्यायचास!

मी ग्रंथालयात बसते. परत आलेली पुस्तकं चाळते.
वाळू निघते, फेरीबोटीची तिकिटं,
एकदा हॅडकचा काटा, खुणेसाठी घातलेला.
आणि पेन्सिलीतली टिपणं, फिकी, नीटस:
‘साक्षीदार दोन लागतात.’
‘असा दस्त कुठलीही कचेरी नोंदवून घेणार नाही.’
‘वकील इतका मोकळा कसा? याला अशिलं नाहीत?’
नियम असा की खोडायचं.
आठ पुस्तकं मी खोडत आले.
रबराचा चुरा फुंकताना एकदा हात थांबला.
या ‘जी’ची शेपटी, गळासारखी आत वळलेली,
मी पाहिली आहे कुठेतरी.

आईच्या मृत्युपत्रावर.

हॉलिस झ्विकर. गावात वकील एवढे एकच.
बेकरीच्या वर कचेरी, जिन्याला पावाचा वास.
चव्वेचाळीस वर्षं खरेदीखतं, वाटण्या,
कुणाचा धक्का कुणाच्या पाण्यात शिरला त्याची भांडणं.
लोक म्हणतात, ॲन्सेल रड म्हणजे हेच.
ते म्हणतात, माझ्याकडे छत्री नाही.
त्यांच्या नावावर एक पुस्तक निघालेलं नाही आजवर.
निघतात ती बायकोच्या कार्डावर.
बायकोला जाऊन सहा वर्षं झाली.
दर जानेवारीत मी ते कार्ड पुढे चालू करते.
बोलत नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं भावंडं समोर होतो.
त्यांनी वाचलं: घर, होडी, शिवणयंत्र.
मग एक पाकीट उचललं, वर आईचं अक्षर.
वरचीच ओळ वाचली असावी. मग आमच्याकडे पाहिलं,
एकेकाकडे, सावकाश,
माझ्याकडे जरा जास्त वेळ,
आणि पाकीट खणात गेलं.
किल्ली फिरली.
धाकटा ट्रकच्या टायरांबद्दल काहीतरी सांगत होता.
विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते मी.

नववं पुस्तक परवा मंगळवारी आलं.
लीजन हॉल. बाहेर धुकं, धुक्यात भोंगा, सगळं यथासांग.
ॲन्सेल रड उभा राहतो, घसा खाकरतो,
आणि त्याच ओळीशेजारी, समासात:
‘गप्प बसला असता तर.’

पुढे काही नाही. तर काय, ते नाही.
पूर्णविराम मात्र आहे, खोल,
पलीकडच्या पानावर उमटलेला.

संध्याकाळी पाव आणायला गेले. वर दिवा होता.
जिन्याच्या तीन पायऱ्या चढले,
पिशवी गरम होती, या हातातून त्या हातात घेतली.
मग उतरले.

नियमाप्रमाणे खोडलं आहे मी.
पण दाब राहतो कागदावर.
पुस्तक खिडकीशी जरा तिरकं धरलं
तर वाचता येतं.
यादीत पुढचं नाव व्हेराचं आहे.