आणि घासायला?

ट्रेनर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
खरकटं दिसलं की विक्री मेली.
झाकण उघडावं, वाफ वर जाऊ द्यावी,
बायकांचे चेहरे वाफेत असतानाच
उष्टा डाव, तेलकट वाट्या, मसाल्याचा डबा
टेबलाखालच्या निळ्या क्रेटमध्ये. वर टॉवेल.
ग्राहकाच्या सिंकला हात लावायचा नाही.
आपली घाण आपल्यासोबत.

सहा वर्षं मी तशीच हिंडले,
स्कूटरवर पायाशी क्रेट,
उपनगर, दसक, देवळाली गाव,
खड्ड्यात चाक गेलं की आतली भांडी बोलायची
आणि सिग्नलला शेजारचा रिक्षावाला
मान वळवून फोडणीचा वास घ्यायचा.

तो शनिवार जेलरोडचा.
दुसरा मजला, कोठावदे वहिनींकडे.
एप्रिल. पाणीकपात.
नळ उघडला तर धाप लागल्यासारखा आवाज नुसता.
हॉलमध्ये नऊ बायका, दोन पोरं, एक पंखा.
पुलाव खाऊन झालेला, ताटल्या गोळा केलेल्या,
आणि मी गिलक्यांवर झाकण ठेवत म्हणतेय
नेहमीचंच, पाठ झालेलं:
"बघा ताई, एक थेंब पाणी लागत नाही."

"आणि घासायला?"

मागच्या खुर्चीतून. गायधनी काकू.
नोटांच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं काढलेल्या,
गड्डी कानाशी फडफडवून
एक कमी आहे म्हणून सांगणाऱ्या.
कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या,
मीही हसले, पण माझा पाय
टेबलाखाली क्रेट मागे सारत होता.

काकू उठल्या. टॉवेल बाजूला केला,
कणकेवरचं ओलं फडकं करावं तसा.
"हे कुठं नेतेस?"
"घरी."
"आणि तिथं काय गोदामाई येते भांडी घासायला?"

बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं. कालची भाकरी मागवली.
तुकड्यानं कढई पुसली, तुकडा धाकट्याच्या हातात दिला,
तो खाऊन परत येऊन उभा राहिला.
मग गव्हाचा कोंडा, मूठभर, कोरडाच,
गोल गोल, स्टील चुरचुरेपर्यंत.
मग तांब्या. एकच.
आधी पेले. पेल्यांचं पाणी वाट्यांना,
वाट्यांचं ताटल्यांना, ताटल्यांचं कढईला,
कढईचं कढीपत्त्याच्या कुंडीला.
काकू मोजत असाव्यात. ओठ हलत नव्हते.

एकेक करून सगळ्या बाल्कनीच्या दारात.
तांदळाचं पीठ चालेल का, एकीनं विचारलं.
दुसरीनं मोबाइल धरला, म्हणाली, काकू जरा उजेडात.
वहिनींनी लाजत लाजत
सकाळचं दुधाचं पातेलं पुढं केलं, तळाला लागलेलं.
आणि हॉलमध्ये माझी गिलकी
एकटीच शिजत राहिली.

बावीस हजारांचा सेट कुणी घेतला नाही.
एक गाळणी गेली. एकशे साठ, रोख.
ऑफिसला काय सांगायचं ते
मी बिटको चौकापर्यंत जुळवत आले
आणि पुढं सोडून दिलं.
क्रेट आज गप्प होता,
काकूंनी ताटल्यांच्या मधे मधे कागद घातले होते.

रात्री पावणेबाराला नळ खोकला.
मी उठले, सवयीनं क्रेट ओढला,
पदर खोचला,
आणि घासायला काही नाही.

फक्त डाव. टॉवेलच्या घडीत राहून गेलेला,
पुलावाची चार शितं वाळून चिकटलेली.
नखानं काढली. तोंडात टाकली.

मीठ जास्त.
चांगलंच जास्त.
नऊ बायका, एकीनंही सांगितलं नाही.
काकूंनी तेवढं दोनदा पाणी मागितलं होतं,
त्या कोरड्या घरात, सगळ्यांदेखत.
मला वाटलं, उन्हाळा.