सर्वानुमते

सभा साडेतीनची होती, भरली पावणेपाचला.
सरपंचांची होडी ओहोटीत कांदळवनापाशी रुतली होती.
"बाई, हे इतिवृत्तात नको," पँटचे पाय पिळत ते म्हणाले,
आणि मी लिहिलं: काही अपरिहार्य कारणास्तव.
सतरा वर्षं या केंद्रात औषधं मोजते, आठ वर्षं सभा लिहिते.
दोन्हीकडे हात सारखाच चालतो.
गोळी कमी पडली तर अर्धी,
शब्द कमी पडला तर इत्यादी.

रक्कम एक लाख बारा हजार.
टेबलावर ती नव्हती. टेबलावर चहा होता,
खटखट्या लाडवांची बशी होती,
तरी सगळे जपून बसले होते, जणू कोणी शिंकलं तर ती उडेल.

डॉक्टर केळुसकर म्हणाल्या, लसींच्या फ्रिजची बॅटरी आधी.
वीज गेली की मी थर्मामीटरशी पहारा करते,
पारा आठाच्या वर चढला
की गावच्या चाळीस पोरांची ढाल पाणी होते.
बासष्ट हजार.

तोडणकर मास्तर फाटकाचं बोलले.
परवा एक रेडा प्रसूतिकक्षाच्या दारात उभा होता,
आत घ्या म्हणून.
हसलो. पण रेडा खरा होता.
एकोणीस हजार, नावाची पाटी धरून.
पाटीवर नाव कोणाचं, ते कोणी विचारलं नाही.

मी सर्पदंशाच्या कुप्यांचं काढलं.
काजू वेचायला बायका पाचोळ्यात हात घालतील आता,
आणि फुरसं वीतभर,
कातळाच्याच रंगाचं.
तेरा हजार.
"गेल्या साली नऊ कुप्या मुदत संपून टाकल्या,"
लेखापाल गुरव म्हणाले. "पैसा वाया."

हमीदाबी मुकादम खाडीपलीकडून आल्या होत्या,
होडीच्या इंजिनासाठी. तीन सभा तेवढंच मागतात.
अडलेल्या बाईला रात्री इकडे आणायला
वल्ह्यावर पन्नास मिनिटं, इंजिनावर बारा.
अठ्ठेचाळीस हजार.
त्या गुरवांकडे वळल्या.
"नऊ कुप्या उरल्या,
म्हणजे तेवढं विष त्या साली कुणाच्या अंगात गेलं नाही.
तुमच्यात याला वाया म्हणतात?"

गुरव चष्मा पुसू लागले.
मला वाटलं, आता काहीतरी हलेल.
पण बेरीज लाजत नाही.
बासष्ट नि तेरा पंच्याहत्तर, नि अठ्ठेचाळीस,
एक लाख तेवीस.
अकरा हजार कमी.
सरपंच म्हणाले, वर्गणी काढू.
गुरव म्हणाले, इंजिन सरकारी, वर्गणी खाजगी,
दोन्ही एका पावतीत मावत नाहीत.

बॅटरीला पहिली मान डोलावली ती हमीदाबींनीच.
कुप्यांनाही.
"पोरांचं आधी," एवढंच.

मग सदतीस हजार उरले,
आणि मार्चअखेर खर्च नाही झाले तर वर परत जातात.
म्हणून फाटक.
आणि फाटकाला शोभेल असा, भिंतींना रंग.
आकाशी की पिस्ता, यावर वीस मिनिटं गेली.
त्या सभेत सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच बोलली.

ठराव क्रमांक चार, सर्वानुमते मंजूर.
छापील रजिस्टरात मंजूर झालेल्याला रकाना आहे,
राहिलेल्याला नाही.
मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिते.
होडीचं इंजिन, तिथे, चौथ्यांदा.
तपासणीस विचारतो, बाई, हे काय?
मी म्हणते, हिशेबच आहे,
न केलेल्या खर्चाचा.
तो पान उलटतो. खोडत नाही, एवढं खरं.

केंद्र बंद करून निघाले तेव्हा
हमीदाबी धक्क्यावर बसल्या होत्या, चपला बाजूला काढून.
पाणी अजून भरायचं होतं.
"किती वाजले?" त्यांनी विचारलं.
मी सांगितलं.
त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या,
भरती असावी,
किंवा त्यांच्या सुनेचे महिने.