मानशीवर

आमच्या जुव्यात बांधाच्या दाराला मानस म्हणतात.
पाद्री नवा, घाटावरून आलेला, हसला.
"मानस म्हणजे मन ना?"
मी म्हटलं, पाद्रीबाब, मनाचं मला ठाऊक नाही,
ही माटाच्या लाकडाची, दोन फळ्यांची,
खालच्या बिजागरीला कालवं चिकटलेली.

भरती आली की नदी तिला बाहेरून ढकलते
आणि ती मिटते.
ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटतं
आणि ती उघडते.
माणसाचं काम एवढंच,
मध्ये काही अडकू न देणं.

हे काम बोस्त्यांवचं. एकवीस वर्षं.
गेल्या सांजांवाला त्याचा उजवा हात निजला
तो उठलाच नाही.
तेव्हापासून तो डाव्या हाताने खुरीस काढतो.
कपाळ, छाती,
आणि खांद्यांपाशी घोटाळतो, कुठला आधी.
सुरुवातीला मी त्याचा उजवा हात उचलून फिरवायचे,
भिजलेल्या पोत्यासारखा जड.
आता राहू देते.
तुला कळत असेल ना, देवा,
उलट्या हाताचं?

तो हात परत मागितला होता मी.
नऊ दिवस, नऊ मेणबत्त्या, कपेलाच्या पायरीवर.
आता मागत नाही असं नाही.
फक्त सगळ्यात शेवटी मागते,
भेंडीला भाव, लुदोविनाचं बाळंतपण,
गॅसचा सिलिंडर, सगळं सांगून झाल्यावर,
दुकानातून निघताना आठवलेल्या काडेपेटीसारखं.

रोझरीच्या महिन्यातली पुनव. उधाण.
टॉर्च घेऊन गेले तर एक फळी उघडी,
माडाचा ओंडका आडवा शिरलेला,
आणि खारं पाणी आत चाललेलं, खळखळत,
पिएदादच्या भातात, साल्वादोरच्या भातात,
लोंब्या भरत आलेल्या.
कंबरभर पाण्यात उतरले.
"आमच्या बापा" म्हणत ओढला.
"रोजची भाकर" पर्यंत आले,
ओंडका बोटभर हलला नाही.

मग भांडले.
म्हटलं, तू पाण्यावरून चाललास, बरं आहे,
मी पाण्यात उभी आहे
आणि माझे पाय चिखलात आहेत.
म्हटलं, वादळात तू नावेत उशीला डोकं टेकून झोपलास,
आमच्याकडे धड उशी एकच,
ती बोस्त्यांवच्या हाताखाली असते.

उत्तर आलं नाही.
बांधावर बिडीचं टोक लाल दिसलं.
रोहिदास. लुंगी वर खोचलेली, एक गाल सुजलेला.
"एवढ्या रात्री रे?"
"दाढ ठणकतेय. झोप कुठली. फिरत होतो."
बिडी दातात धरूनच उतरला.
दोघांनी हिसडा दिला, तिसऱ्याला ओंडका सुटला,
आणि आम्ही हात लावायच्या आत
नदीनेच फळी मिटवली. धाप्पकन.

घरी येऊन आभार मानायला बसले
आणि अडले.
दाढेचे आभार कसे मानायचे?
ती तू दुखवलीस असं मी म्हणणार नाही.
रोहिदास त्याच्या सातेरीला काय सांगेल
ते त्यांचं ते बघतील.
मी एवढंच म्हटलं,
उद्या माशेलच्या डॉक्टरकडे
त्याचा नंबर लवकर लागू दे.

बोस्त्यांव जागा होता.
माझ्या लुगड्याला खाजणाचा वास येत असणार.
"मिटली?"
"मिटली."
त्याने डावा हात कपाळाकडे नेला,
तिथून छातीवर आणला,
आणि तसाच झोपला, हात तिथेच.
उरलेला खुरीस मी पुरा केला नाही.

पहाटे चारला पाणी उतरेल.
लुगडं तोवर वाळायचं नाही.
टॉर्चचे सेल काढून चुलीशी ठेवलेत, जरा ऊब लागली की
अजून एक फेरी निघते त्यांच्यात.