अकरावा फर्मा

लाइपझिगच्या आमच्या तळघरात कादंबऱ्या यायच्या
सुट्या फर्म्यांत, सोळा सोळा पानांच्या,
शाई अजून बोटाला लागायची.
घड्या घालता घालता मी वाचायचे,
हाताला येईल त्या क्रमाने.
आधी अंत्ययात्रा, मग बारसं.

त्या हिवाळ्यात एक तीन खंडांची आली.
तीत एक बाप होता, निवृत्त न्यायाधीश.
मुलगा जन्मायच्या आधीच त्यानं
त्याच्या शिक्षणाची वही लिहून ठेवलेली:
सातव्या वर्षापर्यंत परीकथा वर्ज्य.
नवव्या वर्षी भूमिती.
बाराव्या वर्षी दया,
दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते अकरा.
घोड्याच्या हाडांची लॅटिन नावं पोराला तोंडपाठ,
आणि घोडा?
घोडा थेट आठव्या फर्म्यात.

ट्राउगॉटला मी हे वाचून दाखवलं.
तो डोंगराकडचा, अक्षरं जुळवून वाचणारा,
सरसाचं भांडं ढवळत म्हणाला, "पडला असेल."
मी पान उलटलं. पडला होता.
"तुला कसं कळलं?"
"अगं, न पडता घोडा कुणाला आलाय?"

आमचे मास्तर हेम्पेल वही-बिही लिहिणारे नव्हते.
पहिल्या दिवशी त्यांनी हातात कोरा कागद दिला. "फाड."
उभा फाडला, सरळ गेला.
आडवा फाडला, वेडावाकडा, कुत्र्यानं ओढल्यासारखा.
"कळलं?"
"कळलं. कागदाला कल असतो."
"तुला कळलं. आता बोटांना कळू दे."
मग दोन वर्षं रद्दी.

सरस उकळू द्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही.
विचारलं तर हाडाची पट्टी मनगटावर.
कापणीयंत्राची कडी आधी लावायची
हेही कुणी कधी बोललं नाही;
ज्याला त्याला बघून बघून यायचं.
ट्राउगॉटला यायच्या आत
त्याच्या मधल्या बोटाचं एक पेर गेलं.

रक्त धुतल्यावर मी पहिल्यांदा
त्या न्यायाधीशाच्या वहीचा विचार केला.
हसून नाही.
एक ओळ. एक ओळ पुरली असती.

त्याच रात्री, हात कापत असताना,
चाळीस प्रतींत मी अकरावा फर्मा
आठव्याच्या आधी शिवला.
त्यांत पोरगा गुरुजींच्या कबरीपाशी रडतो
आणि मग, सोळा पानांनी,
तेच गुरुजी त्याला रिकीब धरून घोड्यावर चढवतात.
नोकरी गेली म्हणून मी महिनाभर झोपले नाही.
तक्रार एकच आली, गॉर्लिट्सहून:
पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं पुसली जातात.

आता तळघर माझं आहे.
कापणीयंत्राच्या वर, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत:
आधी कडी. मग हात.
नवी मुलगी, रोझविटा, आली की
ते तिच्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेते,
ती कंटाळते, घेते तरीही.
सरस का उकळायचा नाही, तेही सांगते:
उकळला की चिकटपणा मरतो.

मग एक कोरा कागद देते.
तोंडावर आलेलं वाक्य गिळते.
"फाड," म्हणते,
आणि तो वेडावाकडा जाताना
बघत बसते.