दाजी पेठेतली गुहा

नकाशा चादरीवर पसरलाय.
चादरीतले मोर आजपुरते शत्रूच्या बाजूला.

मीनाक्षी बोद्धूलचा स्वयंपाक, कायदाही तिचाच:
कडक भाकरी म्हणजे ड्रॅगनचा खवला,
मोडताना आवाज झाला की पहारेकरी जागे.
शेंगाचटणी ही जळल्या गावाची माती,
चिमूटभर जिभेवर ठेवली तर भुतं बोलतात.
आणि कोकम. चार पेले, मोजून चार जीव.
"तहान लागली म्हणून प्यायचं नाही."

एप्रिल. पंखा नुसता उकाडा ढवळतोय.
भिंतीपलीकडे माग खडखडतोय,
तो आम्ही सैन्यात धरलाय.

मी प्यायलो. तिसऱ्या दालनातच, गुपचूप.
ओठ लाल. इरण्णानं पाहिलं, बोलला नाही.

पुलावर राक्षसानं मला उचलून आपटलं.
वीस बाजूंचा फासा घरंगळत कपाटाखाली:
एक.
"झोळीत काय उरलंय?"
रिकामा पेला.

तेवढ्यात तिची आई तांब्या घेऊन आली,
तेलुगूत काहीतरी करवादली,
माठाचं पाणी नेमकं माझ्यापुढे ठेवून गेली.

सगळे मीनाक्षीकडे बघतायत.
तिनं वही चाळली, परत चाळली.
"पाण्याचं," ती म्हणाली, "लिहायचं राहिलंय.
पी. मग टाक."