भरतीची रेघ

प्लॉट नंबर एकशे चौदा. तक्त्यात मीच भरलं होतं:
जागा रिकामी, मालकी सरकारी, उतार नगण्य.
नगण्य हा शब्द तेव्हा फार सोयीचा वाटला.

उम्म अल-कुवैनच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली सतरा वर्षं मी रेघा ओढतोय.
इथे नदी नाही. खोर आहे,
समुद्राने वाळूत कोपरापर्यंत घातलेला हात.
ते खोर म्हणतात, मला आपलं खोरं ऐकू येतं,
जणू वरून कुठून तरी नदी यायची राहिलीय.

त्या काठावर क्लिंकर दळायची गिरणी येणार.
एक धक्का, तीन सायलो, ट्रकांना वळायला गोल.
हरकतींना मुदत तीस दिवस.
सव्विसाव्या दिवशी दल्मूक आला,
खांद्यावर गरगूर, मासे धरायचा तारेचा पिंजरा,
तो त्याने थेट माझ्या नकाशावर ठेवला.
म्हणाला, दाखव, हा या कागदात कुठे बसतो?

मी प्रमाण सांगितलं. एकास दोन हजार.
तो काठ बोटाने चाचपत राहिला,
आंधळ्याने ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.
"इथले कुर्म कुठे गेले?"
कुर्म म्हणजे त्यांची तिवरं. मला आधी कासव वाटलं.
तसं पाहिलं तर तिथे दोन्ही होती.
नकाशात दोन्ही नव्हती.

रात्री खोलीवर भात शिजेपर्यंत
बिजॉयची मोजणीची वही चाळली.
तारीख होती. वेळ होती, अकरा दहा.
भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरशी ताडून पाहिलं:
अमावस्या.
माझे बाबा तिसऱ्या काढायला तिथी बघून निघायचे.
अमावस्येची सुकती खाडीचं पोट उघडं करते, म्हणायचे,
त्यावर घर बांधू नये, नुसतं वाकावं आणि परतावं.
म्हणजे माझा प्लॉट कोरडा होता
महिन्यातून दोनदा, तासा-दोन तासांपुरता.

सकाळी मी नकाशाच्या कडेला, सर्वांत बारीक अक्षरात,
मोजणीची तारीख आणि वेळ टाकली.
नियमाने ती असायलाच हवी होती.
कुणी तरी गाळली होती. कदाचित मीच.

सुनावणीला दल्मूकचा पुतण्या खल्फान समोरच्या बाजूला बसला.
"चाळीस नोकऱ्या आहेत, अम्मी. मासळीच्या हिशेबावर
मला कोण मुलगी देणार?"
म्हातारा म्हणाला, "तुझ्या आईला दिली होती ना."
कुणी हसलं, मग कुणीच नाही.
खल्फान खोटं बोलत नव्हता, हेही लिहून ठेवतो.

मग समितीतल्या एकाने चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी नेला.
"अकरा दहाला पाणी कुठे होतं?"
सल्लागाराने पानं उलटली. पुन्हा उलटली.
मी पेन्सिलीला टोक करत बसलो, टोक असलेल्या पेन्सिलीला.

निर्णय ईदनंतर.
जिना उतरताना काका-पुतण्या बोलले नाहीत,
पण गरगूर खल्फानच्या खांद्यावर होता
आणि त्याच्या इस्त्रीच्या कंदूऱ्याला गंज लागत होता.

ईदनंतरच माझा व्हिसाही संपतो.
मुहंदिस साहेब आज एवढंच म्हणाले,
"परुळेकर, तुझं अक्षर फार बारीक झालंय हल्ली."

संध्याकाळी टॅक्सी करून प्लॉटवर गेलो.
भरती लागली होती. खुंटी क्रमांक सात
लाल फितीसकट पाण्यात, फीत आत-आत ओढली जातेय,
खुंटीच्या बुडाशी एक खेकडा माती बाहेर टाकतोय,
घाईत, जसं काही त्याचीही मुदत चालू आहे.
मी बूट काढायला हवे होते.